दाखल्यावरचे उत्पन्न आणि घरातले उत्पन्न

एखादा कर वाढला किंवा नवी योजना सुरू झाली की अर्थसंकल्पात तिचा एकच आकडा छापला जातो: इतके कोटी जमा, इतके कोटी खर्च. कोणत्या घराच्या हाती किती पडले, कोणाच्या खिशातून किती गेले आणि कोणते घर थोडक्यासाठी यादीबाहेर राहिले, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते आधीच काढून पाहण्याची एक पद्धत अर्थशास्त्रात आहे. नमुना पाहणीत नोंदलेली हजारो घरे संगणकात घ्यायची, प्रत्येक घरातील माणसे, त्यांची वये, जमीन, कमाई आणि खर्च पाहून त्याला कराचे आणि योजनांचे नियम एकेक करून लावायचे. मग एखादा नियम बदलायचा आणि सगळा हिशेब पुन्हा मांडायचा. दोन्ही हिशेबांतला फरक म्हणजे त्या बदलाचा घराघरांवरचा परिणाम.

गाय ऑर्कट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये या पद्धतीची कल्पना मांडली आणि तिला मायक्रोसिम्युलेशन हे नाव मिळाले. संगणक स्वस्त झाल्यावर ती रुळली. ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठात वाढलेले ‘युरोमॉड’ हे प्रारूप आज युरोपीय संघातील सर्व देशांसाठी वापरले जाते आणि २०२१ पासून ते युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राकडे आहे. त्याच धर्तीवर घाना, टांझानिया, युगांडा, झांबिया या देशांसाठीही प्रारूपे तयार झाली. म्हणजे हे केवळ श्रीमंत देशांचे साधन राहिलेले नाही. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: नियम नेमके माहीत हवेत आणि घरांची नोंद खरी हवी. पहिली गोष्ट शासन निर्णयांतून मिळते. अडचण दुसरीची आहे, आणि मराठवाड्यातल्या एखाद्या गावाचा हिशेब मांडायला बसले की ती लगेच पुढे येते.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे बाजारपेठेचे गाव आहे. आसपासच्या शिवारात सोयाबीन, हळद, कापूस, हरभरा, पाण्याची सोय असेल तिथे ऊस. माल मोंढ्यावर जातो, अडत्याकडून पट्टी मिळते आणि त्या पैशातून आधीची उचल वजा होते. अशा गावातले एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. कुटुंब काल्पनिक आहे आणि त्याचे आकडे केवळ हिशेब समजावण्यासाठी धरलेले आहेत. त्याला लावलेले नियम मात्र खरे आहेत.

घरात पाच माणसे: पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी, त्याची चाळीस वर्षांची बायको, अडुसष्ट वर्षांची आई आणि शाळेत जाणारी दोन मुले. तीन एकर जमीन. अडीच एकरांत १६ क्विंटल सोयाबीन, क्विंटलला ४,२०० रुपये. अर्ध्या एकरात १० क्विंटल वाळलेली हळद, क्विंटलला १२,००० रुपये. मालाचे एकूण १,८७,२०० रुपये. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, हळद शिजवण्याचे आणि पॉलिशचे भाडे मिळून रोखीचा खर्च ९०,०००. उरले ९७,२००. नवरा-बायको दुसऱ्याच्या शेतावर मिळून १२० दिवस गेले, ३०० रुपये रोजाप्रमाणे ३६,००० रुपये आले. एका म्हशीचे दूध, घरात वापरलेले धरून आणि खर्च वजा जाता, १४,८००. वर्षाचे उत्पन्न १,४८,००० रुपये.

आता नियम लावायचे. प्राप्तिकर शून्य, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे आणि बाकीची कमाई करपात्र मर्यादेच्या आसपासही नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,०००, असे सातबारावर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात १२,००० रुपये येतात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलेला महिन्याला १,५०० रुपये आहेत. घरातल्या बायकोला ते मिळतात, वर्षाचे १८,०००. सासूचे वय ६५ च्या पुढे गेल्याने तिला मिळत नाहीत. तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, पण तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे आणि हे घर कागदोपत्री त्याच्या वर आहे. थेट मदत धरून घराचे उत्पन्न १,७८,००० रुपये झाले.

इथे एकच गोष्ट बदलून पाहू. तीच जमीन, तेच पीक, तीच माणसे, फक्त सातबारा बायकोच्या नावावर. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे पैसे आता तिच्या खात्यात येतील. या दोन्ही योजनांतून महिन्याला हजार रुपयांइतकी मदत घेणाऱ्या महिलेला लाडकी बहीण योजनेत फरकाचे ५०० रुपयेच मिळतात. म्हणजे १८,००० ऐवजी ६,०००. घरातल्या कोणाच्याही कष्टात किंवा गरजेत फरक न पडता वर्षाला १२,००० रुपये कमी झाले. जमीन बाईच्या नावावर व्हावी असे सरकार एरवी सांगत असताना या दोन नियमांची सांगड अशी बसते, हे योजना स्वतंत्रपणे वाचल्या तर कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक घरावर सर्व नियम एकाच वेळी लावल्यावरच ते दिसते. या पद्धतीचा खरा उपयोग इथे आहे.

धान्याचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात त्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० रुपयांची मर्यादा आहे, शिवाय तालुक्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला आकडा, भरला असेल तर मर्यादेत बसूनही नाव लागत नाही. हिंगोलीसह मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी वेगळी तरतूद आहे. केशरी कार्डावरच्या, पण प्राधान्य यादीत नसलेल्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी माणशी १५० रुपये महिना रोख देणे सुरू झाले आणि २०२४ मध्ये ती रक्कम १७० झाली. केशरी कार्डाची उत्पन्नमर्यादा एक लाख.

आपल्या कुटुंबाचे उत्पन्न १,४८,००० निघाले, म्हणून त्याला यांतले काहीच मिळू नये. पण तहसील कार्यालय पीकपट्ट्या आणि मजुरीचे दिवस मोजत बसत नाही. तलाठ्याच्या अहवालावरून उत्पन्नाचा दाखला निघतो, आणि तीन एकरांच्या घराचा दाखला साठ-सत्तर हजारांचा निघाला तर त्यात कोणाला आश्चर्य वाटत नाही. दाखला ७०,००० चा असेल तर पाच माणसांचे १७० प्रमाणे वर्षाला १०,२०० रुपये येतात. ४०,००० चा असेल आणि इष्टांकात जागा असेल तर वर्षाला ३०० किलो मोफत धान्य. किलोला ३० रुपये धरले तर ९,००० रुपयांचे. एकाच घराला तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात, आणि प्रारूप बांधणाऱ्याला यांपैकी एक निवडावे लागते. पाहणीतले उत्पन्न धरून पात्रता ठरवली तर हिशेबात लाभार्थी कमी येतात आणि सरकारच्या नोंदीत जास्त असतात. लाडकी बहीण योजनेत तर पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच मागितला गेला नाही. उत्पन्नाची जागा तिथे कार्डाने घेतली. म्हणून कसलेला अभ्यासक पात्रता ठरवताना पाहणीतले कार्ड वापरतो आणि गरिबी मोजताना पाहणीतले उत्पन्न. दोन्हींची गल्लत झाली की निष्कर्ष कोलमडतात.

यात शेतकऱ्याला किंवा तलाठ्याला दोष देण्यासारखे फारसे नाही. शेतीचे उत्पन्न म्हणजे काय, हेच आधी ठरवावे लागते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत, २०१९ साली, शेतकरी कुटुंबांची स्थिती तपासली गेली. जुलै २०१८ ते जून २०१९ या पीकवर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरीचा वाटा ४,०६३ होता आणि पिकाचा ३,७९८. म्हणजे शेतकरी म्हणवणारे घर पिकापेक्षा मजुरीवर अधिक कमावत होते. पण १०,२१८ हा आकडा फक्त खिशातून गेलेला खर्च वजा करून काढलेला आहे. घरचे बी, घरचे शेणखत, घरच्या माणसांचे न मोजलेले श्रम यांचीही किंमत धरली की तोच आकडा ८,३३७ वर येतो. घर तेच आणि पीकही तेच, पण व्याख्या बदलताच महिन्याचे जवळपास १,९०० रुपये गेले. गरिबीच्या रेषेजवळ असलेल्या घरासाठी हा फरक आत आणि बाहेर यांतला आहे.

करांची बाजू वेगळी. जवळा बाजारच्या घराला प्राप्तिकर नसला तरी वस्तू व सेवा कर दर खरेदीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांच्या दोन टप्प्यांत आल्या. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ वर उतरले; सिमेंट २८ वरून १८ वर. सुटे धान्य, भाजीपाला, ताजे दूध यांवर कर नाही. आपल्या कुटुंबाने वर्षात ५ टक्क्यांच्या वस्तूंवर ५०,००० आणि १८ टक्क्यांच्या वस्तूंवर १५,००० रुपये खर्च केले असे धरू. किमतीत कर आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे तो १०५ पैकी ५ आणि ११८ पैकी १८ या प्रमाणात वेगळा काढावा लागतो. तो येतो ४,६६९ रुपये, म्हणजे कमाईच्या सुमारे ३ टक्के. वर कीटकनाशकावरचा १८ टक्के कर आहेच. कारखानदार आपल्या कच्च्या मालावरचा कर पुढच्या करातून वळता करून घेतो. शेतकरी या कराच्या नोंदणीबाहेर असल्याने त्याला ती सोय नाही. हा कर त्याच्या लागवडीच्या खर्चात मुरतो. पेट्रोल तर या कराच्या बाहेरच असून त्यावर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर आहे. ‘शेतकरी कर भरत नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते चूक आहे, आणि ते किती चूक आहे हे आकड्यांत सांगता येते.

खर्चावरचा कर काढण्यासाठी भारतात उत्तम सामग्री आहे. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळातील कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत २,६१,९५३ घरे होती. गावात जमिनीवरून आणि शहरात मोटारीवरून घरांचे गट पाडून निवड झाली. एका घरी एकदाच तासन्‌तास प्रश्न विचारण्याऐवजी अन्न, रोजच्या वापराच्या वस्तू व सेवा, टिकाऊ वस्तू अशा तीन भागांसाठी तीन वेगळ्या भेटी दिल्या गेल्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च ४,१४५ रुपये आणि शहरांत ७,३६३ रुपये आला. पाहणीतले प्रत्येक घर आपल्यासारख्या सरासरी हजाराहून अधिक घरांच्या वतीने बोलते. त्यासाठी त्याला एक गुणक दिलेला असतो. मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत धरल्यास देशाच्या ग्रामीण भागातला आकडा ४,१२२ वरून ४,२४७ होतो. एका सरकारी मदतीचे मोजमाप असे थेट पाहणीतूनच मिळते.

खर्चाची नोंद इतकी बारीक असताना उत्पन्नाची का नाही, याला जुना इतिहास आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. पन्नाशीच्या दशकात ९ व्या आणि १४ व्या फेरीत, मग साठीच्या दशकात १९ व्या आणि २४ व्या फेरीत उत्पन्न विचारून पाहिले गेले. घरांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरले. १९८३-८४ मध्ये पुन्हा एक चाचणी झाली, तीही पुढे गेली नाही. त्यामुळे भारताने गरिबी खर्चावरूनच मोजली.

खर्चाच्या त्याच तक्त्यांवरून पुण्यात एक धाडसी हिशेब झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या किमतींना गावात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान गरजेची पातळी त्यांनी धरली. गरीब किती हे मोजून ते थांबले नाहीत. गरिबांना त्या पातळीवर आणायला किती पैसा लागेल आणि तो वरच्या थरांच्या उपभोगाला किती कात्री लावून उभा राहील, हेही त्यांनी मांडले: सर्वांत वरच्या ५ टक्के लोकांच्या खर्चात १५ टक्के आणि त्यांच्या खालच्या ५ टक्क्यांच्या खर्चात साडेसात टक्के कपात. एका बाजूला कर, दुसऱ्या बाजूला लाभ आणि मध्ये पाहणीतले घरांचे थर. संगणकाशिवाय केलेले हे काम आजच्या प्रारूपांचे पूर्वरूप म्हणायला हवे. त्याची आठवण मराठी वाचकाला फारशी करून दिली जात नाही.

महाराष्ट्राने त्याच सुमारास कर आणि लाभ यांची प्रत्यक्ष जोडणीही केली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली. १९७५ चा व्यवसाय कर तिच्या निधीसाठी आणला गेला, नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा. हा कर आजही वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये आहे. शहरातल्या पगारातून गावातल्या खडी फोडणाऱ्याला मजुरी, असा तो सरळ व्यवहार होता. विशेष म्हणजे रोजगार हमीला उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. उन्हात दगड फोडायला जो येईल तो गरजू, ही कसोटी तिथे पुरली. उत्पन्न मोजणे इतके कठीण असताना असा नियम आखणाऱ्यांची समज मोठी होती.

पाहणीतल्या उत्पन्नाची दुसरी उणीव वरच्या टोकाला आहे. फार श्रीमंत घरे नमुन्यात क्वचित येतात आणि आली तरी दार उघडत नाहीत किंवा कमी सांगतात. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण खर्चाचा विषमता निर्देशांक ०.२३७ निघाला, म्हणजे बराच समतोल. दुसरीकडे अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राप्तिकराची आकडेवारी पाहण्यांशी जोडून २०२४ मध्ये काढलेल्या अंदाजात २०२२-२३ साली वरच्या १ टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. यांतला एक आकडा खर्चाचा आहे आणि दुसरा उत्पन्नाचा, म्हणून त्यांची थेट तुलना होत नाही. पण केवळ पाहणीवर चालणाऱ्या प्रारूपाला प्राप्तिकराच्या बदलाचा हिशेब नीट करता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत करमुक्त झाले. त्याचा लाभ कोणाला झाला हे शोधायला पाहणीपेक्षा विवरणपत्रेच लागतील.

नियम आणि अंमल यांतली दरीही हिशेबात धरावी लागते. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितले की लाडकी बहीण योजनेत २६ लाखांहून अधिक लाभार्थी निकषांबाहेरचे आढळले आणि त्यांचा लाभ तात्पुरता थांबवण्यात आला. नियमाप्रमाणे पात्र असूनही आधार जोडणी, बँक खाते किंवा नावातल्या चुकीमुळे वंचित राहिलेल्यांची बाजू याच्या उलट. प्रारूप सगळ्या पात्रांना पूर्ण रक्कम देते, म्हणून त्यातली गरिबी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. त्यावर उपाय एवढाच की प्रारूपातून निघालेले एकूण लाभार्थी आणि एकूण खर्च सरकारी नोंदींशी ताडून पाहायचे, आणि फरक लपवायचा नाही.

जवळा बाजारसाठी वेगळे प्रारूप चालवता येईल का, तर सध्या नाही. राज्यपातळीच्या नमुन्यात या भागातली एक-दोन गावे आली तरी एका गावातून जेमतेम अठरा घरे निवडली जातात. त्यावरून तालुक्याबद्दल काही म्हणणे म्हणजे अंदाजाला आकड्याचा मुलामा देणे. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय पाहण्यांची नमुना निवड जिल्हा हा घटक धरून होऊ लागली आहे. त्यामुळे हिंगोली जिल्ह्याचा स्वतंत्र अंदाज पुढेमागे शक्य होईल. जून २०२५ मध्ये सांख्यिकी मंत्रालयाने देशातील पहिली राष्ट्रीय कौटुंबिक उत्पन्न पाहणी २०२६ मध्ये घेण्याचे जाहीर केले आणि अर्थशास्त्रज्ञ सुरजीत भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. या पाहणीआधी घेतलेल्या चाचणीत बहुतेकांना उत्पन्नाचे प्रश्न नाजूक वाटले, आणि त्यात नवल नाही. ज्या आकड्यावर घराचे रेशन, मुलांची शिष्यवृत्ती आणि आईचे अनुदान अवलंबून आहे तो आकडा दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोणी सहज सांगत नाही. पाहणीतले उत्तर तहसीलच्या फायलीत जाणार नाही, हे घराला पटवणे हे या कामातले पहिले काम आहे. त्यानंतर प्रश्न असे हवेत की हळदीची पट्टी, उचल फेडून हाती आलेली रक्कम, दुसऱ्याच्या शेतावरचे दिवस आणि घरात मुरलेले दूध वेगवेगळे विचारले जाईल, कारण ‘वर्षाचे उत्पन्न किती’ या एका प्रश्नाला जवळा बाजारचे घर दाखल्यावरचाच आकडा सांगेल.